तुमचे प्रश्न: स्वरयंत्राच्या कूर्चेतली गाठ, ऑपरेशन आणि त्यानंतरचं आयुष्य

मागच्या अंकात बसलेल्या आवाजाबद्दल लिहिताना मी एका ओळीत कॉन्ड्रोसार्कोमाचा उल्लेख केला होता, म्हणजे स्वरयंत्राची जी कूर्चा असते, ते मऊ हाड, त्यातूनच उगवणारा कॅन्सर. एवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. आजार अगदी दुर्मिळ आहे, स्वरयंत्राच्या शंभर कॅन्सरमध्ये हा फारतर एखादा निघतो, त्यामुळे ज्यांच्या घरात तो येतो त्यांना विचारायला कुणीच सापडत नाही, शेजारीपाजारी जे सांगतात ते सगळं तंबाखूच्या कॅन्सरचं असतं आणि ते इथं लागू पडत नाही. म्हणून यावेळचं पूर्ण सदर याच आजाराला दिलंय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढलीत.

प्रश्न: मॅडम, आम्ही तासगाव तालुक्यातले. माझे वडील ६३ वर्षांचे, द्राक्षबाग आहे, आयुष्यात तंबाखू विडी काही नाही. दोन वर्षांपासून आवाज घोगरा झालाय आणि चढ लागला की धाप लागते, गावात दमा म्हणून पंप चालू केला पण फरक नाही. शेवटी सीटी स्कॅन केला तर स्वरयंत्राच्या क्रायकॉइड नावाच्या कूर्चेत साडेतीन सेंटीमीटरची गाठ निघाली, बायोप्सीत कॉन्ड्रोसार्कोमा ग्रेड १ लिहिलंय. एका ठिकाणी सांगितलं की आठ दिवसात पूर्ण स्वरयंत्र काढा नाहीतर हातातून जाईल. घरात रडारड चाललीय. अप्पांना किती दिवस आहेत ते खरं सांगा.

उत्तर: ताई, खरं सांगायचं तर दिवसांचा हिशोब करायचा हा आजारच नाही, वर्षांचा आहे, आणि ग्रेड १ असेल, म्हणजे सगळ्यात सौम्य पायरी, तर बहुतेक लोक या आजाराने जात नाहीत, दुसऱ्याच कुठल्यातरी कारणाने म्हातारपणी जातात. पाच वर्षांनी बघितलं तर या आजाराने दगावलेले नाहीत असे पेशंट ९० टक्क्यांच्या वर असतात. स्वरयंत्राच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये, जो आतल्या अस्तरातून येतो आणि तंबाखू दारूशी जोडलेला असतो, असे आकडे फक्त अगदी सुरुवातीच्या स्टेजला दिसतात. हे आधी घरात सगळ्यांना वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

आता हा असा का वागतो ते समजून घ्या, कारण सगळे निर्णय त्यावरच ठरतात. क्रायकॉइड ही श्वासमार्गातली एकमेव पूर्ण गोल कूर्चा आहे, खड्याच्या अंगठीसारखी, पुढून बारीक आणि मागून रुंद पाटा. दर चारातल्या साधारण तीन गाठी याच कूर्चेत येतात, त्यातही मागच्या पाट्यात, उरलेल्यातल्या बऱ्याचशा थायरॉइड कूर्चेत म्हणजे पुरुषांच्या गळ्यावर जो कंठमणी दिसतो तिथं. मागच्या पाट्यावर दोन छोट्या कूर्चा बसलेल्या असतात ज्या स्वरपट्ट्या उघडतात आणि मिटतात. गाठ तिथंच आतल्या आत फुगते, एका बाजूची स्वरपट्टी अडकते म्हणून आवाज घोगरा, आणि गाठ आत श्वासाच्या वाटेवर येते म्हणून धाप. वरचं अस्तर मात्र गुळगुळीत राहतं, जखम नाही, रक्त नाही, दुखत सुद्धा नाही, त्यामुळे दुर्बिणीतून घाईघाईत बघणाऱ्याला काही सापडतच नाही.

दम्याचं म्हणाल तर हे फार जणांच्या बाबतीत होतं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं कारण फरक ओळखता येण्यासारखा असतो. दम्यात शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना वाजते, घशात अडथळा असेल तर आवाज श्वास आत घेताना येतो, गळ्यापाशी येतो, आणि पंपाने हलत नाही. फुंकर मारायची जी फुफ्फुसाची टेस्ट असते तिचा आलेख सुद्धा अशा वेळी चपटा दिसतो. ज्या कुणाचा दमा पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झाला, पंपाने उतरत नाही आणि सोबत आवाज बदललाय, त्यांनी एकदा कान-नाक-घसावाल्याकडून दुर्बिणीने स्वरपट्ट्यांच्या खालचा भाग बघून घ्यावा, एवढी माझी सगळ्या वाचकांना विनंती.

परत अप्पांकडे येते. हा पसरून मारणारा आजार नाही, ग्रेड १ ची गाठ फुफ्फुसात जाणं फार क्वचित, मानेतल्या लिम्फ नोडच्या गाठींमध्ये तर जवळपास जातच नाही. धोका आहे तो श्वासाची वाट बंद होण्याचा. म्हणजे घाई कशाची करायची आणि कशाची नाही हे नीट वेगळं करा. स्वरयंत्र काढायचं की ठेवायचं हा निर्णय आठ दिवसात घ्यायची काहीच गरज नाही, दुसरं मत घ्यायला दोन तीन आठवडे गेले तर गाठीत फरक पडत नाही, ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली आहे. पण अप्पांना बसल्या जागी श्वास घेताना आवाज येत असेल, रात्री उठून बसावं लागत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, तर श्वासाची सोय उद्याच्या उद्या करायची, म्हणजे भूल न देता नुसता भाग बधिर करून गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची, ट्रेकिओस्टॉमी. ती ठरवून दिवसाढवळ्या केली तर सोपी असते, रात्री दोन वाजता जीव गुदमरताना करायची वेळ आली तर अवघड. आणि दात, मोतीबिंदू, हर्निया कशाचंही ऑपरेशन निघालं तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गाठ आहे हे आधी सांगायचं, कारण तोंडातून नळी घालताना ती या जागी अडकू शकते.

पूर्ण स्वरयंत्र काढायचं का? साडेतीन सेंटीमीटर आकडा ऐकून मी हो किंवा नाही म्हणू शकत नाही, मला सीटीची फिल्म बघावी लागेल, आणि मुख्य प्रश्न सेंटीमीटरचा नसून अंगठीचा किती घेर खाल्लाय याचा असतो. निम्म्याहून कमी घेर गेला असेल तर तेवढा भाग काढून स्वरयंत्र वाचवायचा प्रयत्न करता येतो, काही ठिकाणी बरगडीची कूर्चा काढून तिथं जोड देतात. गाठ आत फुगलेली आणि छोटी असेल तर तोंडातून दुर्बीण घालून लेझरने कोरून काढतात, त्यात सगळी निघतेच असं नाही पण वाट मोकळी होते आणि आवाज राहतो. निम्म्याहून जास्त घेर गेला, दोन्ही स्वरपट्ट्या अडकल्या, तर मात्र उरलेली अंगठी श्वास घेताना आत कोसळते, तेव्हा पूर्ण स्वरयंत्र काढणं हाच बहुतेक वेळा भरवशाचा मार्ग राहतो. काही निवडक ठिकाणी पूर्ण क्रायकॉइड काढून श्वासनलिका वर ओढून जोडतात पण ते मोजक्या हातांचं काम आहे.

मला स्वतःला काय वाटतं ते स्पष्ट लिहिते. ग्रेड १ असताना जिथं शक्य आहे तिथं आधी स्वरयंत्र वाचवणारं ऑपरेशन करावं, कारण पुढं गाठ परत आली तरी तेव्हा पूर्ण काढता येतं आणि असं टप्प्याटप्प्याने गेल्यामुळे आयुष्य कमी झालेलं दिसत नाही. पहिल्याच दिवशी सगळं काढून टाकायचा सल्ला बऱ्याचदा नेहमीच्या कॅन्सरच्या सवयीतून येतो, सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो पण आजार वेगळा आहे. त्यामुळे सीटीची सीडी, फक्त रिपोर्ट नाही तर सीडी, आणि बायोप्सीच्या स्लाईड घेऊन अशा ठिकाणी जा जिथं सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिएशनवाले एकत्र बसून केस बघतात. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून हेच काम करतंय. सगळं गाव घेऊन मुंबईला जायची ताकद नसेल तर कागदपत्रं ऑनलाइन पाठवून मत घेण्याची सोय पण आहे, टाटाशी जोडलेली 'नव्या' (Navya) या नावाची सेवा आहे, तिथं चौकशी करा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन ऑपरेशनच्या आधी त्याला भेटायचं, नंतर नाही.

प्रश्न: माझ्या भावाच्या गाठीचा पहिला रिपोर्ट कॉन्ड्रोमा म्हणजे साधी गाठ असा आला, आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या लॅबने त्याच स्लाईड बघून कॉन्ड्रोसार्कोमा लो ग्रेड लिहिलं. आता आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा, दोघातल्या एकाने चुकीचं केलंय का? (नाशिक)

उत्तर: दोघांनीही कदाचित समोर जे होतं तेच प्रामाणिकपणे लिहिलं असेल. साधी गाठ आणि ग्रेड १ चा सार्कोमा मायक्रोस्कोपखाली इतके जवळ असतात की अनुभवी माणसं सुद्धा वाद घालतात, पेशी थोड्या जास्त दाटीने आहेत का, केंद्रकं किती मोठी, एका कप्प्यात दोन केंद्रकं दिसतात का, आजूबाजूच्या हाडात घुसलीय का, असल्या बारीक गोष्टींवर ठरतं. त्यात बायोप्सी हा तुकडा असतो. गाठ दगडासारखी टणक, वर चांगलं अस्तर, त्यामुळे चिमटा वरवर घसरतो आणि कडेचा शांत भाग हाताला लागतो, आणि एकाच गाठीत एका कोपऱ्यात साधा भाग आणि दुसऱ्या कोपऱ्यात सार्कोमा असं चालतं.

म्हणून मी तुकड्यापेक्षा सीटीवर आणि आकारावर जास्त भरवसा ठेवते. खऱ्या साध्या कॉन्ड्रोमा स्वरयंत्रात सार्कोमापेक्षाही कमी सापडतात आणि सहसा दोन सेंटीमीटरच्या आत असतात. सीटीत कूर्चा फोडून बाहेर आलेली, आत चुन्याचे ठिपके आणि गोल गोल कडी दिसणारी मोठी गाठ असेल तर कागदावर कॉन्ड्रोमा लिहिलेलं असलं तरी मी तिला सार्कोमा समजूनच वागवते, वर्षानुवर्षं नजर ठेवते. आनंदाची गोष्ट अशी की दोन्ही रिपोर्टमध्ये तुमच्या भावाच्या उपचारात फार मोठा फरक पडणार नाही, दोन्हीत गाठ काढायची, दोन्हीत स्वरयंत्र वाचवायचा प्रयत्न करायचा, दोन्हीत पुढं तपासत राहायचं. पेढे वाटले ते वाया गेले नाहीत.

एक काम मात्र नक्की करा. लॅबकडून मेणाचा ब्लॉक, ज्यात तुकडा जपून ठेवलेला असतो, तो मागून घ्या, तो पेशंटचा हक्क आहे, आणि हाडांच्या आणि कूर्चेच्या गाठी ज्यांच्या हातून रोज जातात अशा पॅथॉलॉजिस्टकडे सीटीसकट पाठवा. सीटी न बघता कूर्चेच्या गाठीचा रिपोर्ट द्यायला चांगला पॅथॉलॉजिस्ट स्वतःच तयार नसतो. आणि संपूर्ण गाठ निघाल्यावर जो रिपोर्ट येईल तोच अंतिम धरायचा, त्यात ग्रेड २, ग्रेड ३ किंवा डीडिफरन्शिएटेड हा शब्द आहे का ते बघायचं. शेवटचा प्रकार फार थोड्यांत सापडतो पण तो खरंच आक्रमक असतो, त्याचे आकडे वर मी अप्पांसाठी लिहिले तसे नाहीत आणि त्याला उपचार पण मोठे लागतात, हे लपवणार नाही.

प्रश्न: बायोप्सी केली की कॅन्सरला हवा लागते आणि तो पसरतो असं आमचे सासरे म्हणतात, करून घ्यायला तयार नाहीत. (परभणी)

उत्तर: त्यांना सांगा की तुकडा काढल्याने हा पसरत नाही. तुकडा न काढता राहिलं तर मात्र कुठली गाठ आहे हेच कळत नाही, आणि याच जागी दुसऱ्या जातीचा कॅन्सर असेल ज्याला रेडिएशनने स्वरयंत्र वाचतं, ती संधी हातची जाते. सासऱ्यांना भीती गळ्यावर चाकू चालण्याची असावी, हा तुकडा तोंडातून दुर्बीण घालून काढतात, बाहेर टाका नाही, हे कळलं की कितीतरी म्हातारी माणसं तयार होतात.

प्रश्न: मी ५८ वर्षांची शिक्षिका आहे, ठाण्यात राहते. चार वर्षांपूर्वी लेझरने गाठ काढली, आवाज छान राहिला, वर्गात शिकवत होते. आता सीटीमध्ये परत दीड सेंटीमीटर दिसतंय. मला कुणी म्हणतं रेडिएशन घ्या, कुणी केमो म्हणतं, कुणी प्रोटॉन. माझं चुकलं का, तेव्हाच सगळं काढायला पाहिजे होतं का?

उत्तर: नाही बाई, तुमचं काहीही चुकलं नाही. चार वर्षं स्वतःच्या आवाजात मुलांना शिकवलंत ती चार वर्षं तुमचीच आहेत. ही गाठ परत येते हे या आजाराच्या स्वभावातच आहे, वेगवेगळ्या नोंदी बघितल्या तर पाचातल्या एकापासून पाचातल्या दोघांपर्यंत कुणाला ना कुणाला परत येते, आणि विशेष म्हणजे दहा वर्षांनी सुद्धा येते. परत आली याचा अर्थ आजार वाढला, ग्रेड चढला, फुफ्फुसात गेला असा होत नाही. बहुतेकांची गाठ त्याच शांत स्वभावाची असते.

आधी श्वास कसा आहे? पूर्ण मोकळा असेल आणि गाठ अपघाताने तपासणीतच सापडली असेल तर सहा महिन्यांनी परत सीटी किंवा एमआरआय काढून वाढीचा वेग बघणं हा सुद्धा उपचारच आहे, वयस्कर आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसांत तर आम्ही मुद्दाम असं करतो. तुमचं वय ५८ आहे, पुढं बरीच वर्षं आहेत, त्यामुळे मी फार काळ नुसतं बघत बसणार नाही, पण परत एकदा तोंडातून किंवा बाहेरून अर्धवट काढण्याचा पर्याय दीड सेंटीमीटरला नक्की उरतो. लेझर दोनदा तीनदा केलेले लोक आहेत. पूर्ण स्वरयंत्र काढणं हे शेवटचं पान हातात ठेवून खेळायचं.

केमोथेरपी घेऊ नका म्हणून मी सहसा कुणाला सांगत नाही, ज्याचा त्याचा डॉक्टर असतो, पण साध्या कॉन्ड्रोसार्कोमावर केमो चालत नाही हे जगभर मान्य आहे, पेशी इतक्या सावकाश वाढतात आणि कूर्चेत रक्त इतकं कमी की औषध पोचतच नाही. फक्त तो आक्रमक डीडिफरन्शिएटेड प्रकार असेल तर चर्चा करतात. तुमच्या रिपोर्टात तो नसेल तर केमो सुचवणाऱ्यांना कारण विचारा, लिहून मागा.

रेडिएशनचं थोडं गुंतागुंतीचं आहे. पूर्वी पुस्तकात सरळ लिहायचे की याला रेडिएशन लागू पडत नाही. आता एवढं ठाम कुणी म्हणत नाही, ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नाही किंवा वरच्या ग्रेडची गाठ काठावर राहिलीय त्यांना देतात आणि काहींची गाठ थांबते. पण ग्रेड १ ला, जी परत काढता येण्यासारखी आहे, तिला आधी रेडिएशन देणं मला पटत नाही, कारण मोठा डोस लागतो, कूर्चा त्याने कुजू शकते, आणि पुढं ऑपरेशनची वेळ आलीच तर जखम भरायला त्रास होतो. प्रोटॉन हा रेडिएशनचाच प्रकार, त्यात किरण ठरलेल्या खोलीवर थांबतात म्हणून आजूबाजूचं वाचतं, कवटीच्या तळाच्या कॉन्ड्रोसार्कोमाला ते चांगलं लागू पडतं आणि म्हणूनच लोकांनी तुम्हाला नाव सांगितलं असणार. खारघरला टाटाच्याच अॅक्ट्रेकमध्ये ते २०२३ पासून सुरू झालंय. स्वरयंत्रासाठी मात्र त्याचा अनुभव अगदी थोडा आहे, ऑपरेशन होत असताना मी तिकडे पाठवणार नाही.

आणि पेट स्कॅनचा आग्रह कुणी धरला तर लक्षात ठेवा, ग्रेड १ ची गाठ त्यात चमकतच नाही बऱ्याचदा. स्वच्छ पेट बघून निर्धास्त होऊ नका. छातीचा सीटी वर्षातून एकदा पुरे.

प्रश्न: आमच्या घराण्यात कुणाला कॅन्सर नाही, वडील निर्व्यसनी, मग हे आलं कुठून? आम्हा भावंडांना तपासणी करावी लागेल का? (बेळगाव)

उत्तर: तपासणी नको, हा आनुवंशिक म्हणून चालत नाही. तंबाखूशी सुद्धा याचा नेहमीच्या कॅन्सरसारखा पक्का संबंध दिसलेला नाही. पुरुषांत बायकांपेक्षा साधारण तिप्पट, पन्नाशी ते सत्तरीत जास्त, एवढं दिसतं. वयाबरोबर स्वरयंत्राच्या कूर्चेचं हाड व्हायला लागतं आणि त्या बदलातच काहीतरी बिघडत असावं असा अंदाज आहे कारण गाठ नेमकी जिथं हाड होतं आणि स्नायू ओढतात तिथंच येते. पूर्वी गळ्याला रेडिएशन घेतलेल्या काही थोड्या लोकांत झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या वडिलांनी काही खाल्लं, काही केलं म्हणून झालं असं नाही, हे त्यांना जरूर सांगा, कारण निर्व्यसनी माणसाला लोक खोदून खोदून विचारतात आणि तो मनात कुढतो.

प्रश्न: डॉक्टर ताई, माझे मालक वारकरी आहेत, गावच्या भजनात तीस वर्षं चाल लावतात. ग्रेड २ निघालाय, क्रायकॉइड पूर्ण गेलंय, दोन मोठ्या हॉस्पिटलांनी पूर्ण स्वरयंत्र काढायलाच सांगितलं. ते म्हणतात आवाज जाणार असेल तर मला राहू दे तसंच. मी काय सांगू त्यांना? पुढं बोलता येईल का, जेवता येईल का, वारीला जाता येईल का?

उत्तर: ताई, दोन्हीकडून एकच सल्ला आलाय आणि घेर पूर्ण गेलाय, तर इथं मी पण तेच सांगेन, ऑपरेशन करा. तसंच राहू दिलं तर शेवट गुदमरून होतो, आणि तो कुणाच्याच वाट्याला येऊ नये. चाल लावणारा गळा जाणार हे खरं आहे, त्याचं दुःख छोटं करून सांगू नका त्यांना, भजनी माणसाला आम्ही डॉक्टर लोक 'बोलता येईल हो' असं म्हणून मोकळं होतो ते बरोबर नाही. गाणं परत येत नाही. बोलणं येतं.

ते कसं येतं ते सांगते. ऑपरेशननंतर श्वास कायमचा गळ्याच्या पुढच्या छिद्रातून, आणि तोंड फक्त खाण्यासाठी आणि बोलण्यासाठी. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत छोटी झडप बसवतात, बोलायचं असेल तेव्हा बोटाने छिद्र दाबलं की फुफ्फुसातली हवा अन्ननलिकेत जाते आणि तिथून आवाज निघतो, जाडाभरडा असतो पण वाक्यच्या वाक्य बोलता येतं, फोनवर सुद्धा. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम या दोघांनी ही पद्धत आणली. परदेशी झडप हजारो रुपयांची आणि ती काही महिन्यांनी बदलावी लागते, म्हणून बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी ओम नावाची झडप ५० रुपयात बनवली होती, तुमच्या सर्जनला ती किंवा तशी स्वस्त कुठली मिळते ते विचारा. ज्यांना झडप सांभाळणं जमत नाही ते गळ्याला लावायचं बॅटरीचं यंत्र वापरतात किंवा हवा गिळून ढेकरेसारखं बोलायला शिकतात, त्याला चिकाटी लागते आणि ती भजनी माणसाकडे असते असा माझा अनुभव आहे, तालाची आणि श्वासाची समज आधीपासून असते. टाळ आणि पखवाज तर कुठं जात नाहीत.

या आजारात एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. नेहमीच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर रेडिएशन झालेलं असतं, घशाचं अस्तर पण काढावं लागतं, त्यामुळे जखम फाटते, गिळणं आखडतं. यांच्या घशाचं अस्तर चांगलं आहे, ते वाचवता येतं, मानेतल्या गाठी सहसा काढाव्या लागत नाहीत, त्यामुळे जखम लवकर भरते आणि गिळणं चांगलं राहतं. सुरुवातीला काही दिवस नाकातल्या नळीने, मग पातळ, मग भाकरी भाजी. वास मात्र कमी येईल कारण हवा नाकातून जाणं बंद होतं, गॅस सुरू राहिला किंवा काही करपलं तर त्यांना कळणार नाही, घरात एवढं लक्ष ठेवा. ऑपरेशनमध्ये थायरॉइड ग्रंथीचा भाग निघाला असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ताची तपासणी, करत राहा, थकवा आला की लोक अशक्तपणा समजून बसतात.

पहिले दोन तीन महिने कफ फार येतो, छिद्राशी सुकून खपल्या धरतात, घाबरू नका, वाफ, सलाईनचे थेंब आणि छिद्रावर ओलसर सुती कापड किंवा फिल्टर, याने कमी होत जातो. शेतकरी कुटुंब असाल तर मळणीचा भुसा आणि फवारणी यापासून त्यांना लांब ठेवा, नाकाची गाळणी आता नाही, सगळं सरळ फुफ्फुसात जातं. जड पोती उचलणं पण जमणार नाही, जोर लावताना आपण घशात श्वास कोंडतो ते त्यांना करता येत नाही. अंघोळ कमरेपासून वर करताना छिद्रावर ढाल लावायची, तांब्याने डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही.

वारीला जाता येईल, चालायला काहीच हरकत नाही, लगेच मात्र नको, निदान सहा महिने होऊ द्या आणि मग सोबतीला माणूस घेऊन थोडा टप्पा चाला, गळ्यावर फिल्टर आणि वरून उपरणं, धूळ फार असते पालखीच्या मार्गावर. पण चंद्रभागेत बुडी मारायची नाही, हे अगदी कडक सांगते, पाणी थेट फुफ्फुसात शिरेल आणि जीव जाईल. पायऱ्यांवर बसून पाय धुवायचे, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावायचं. खिशात मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं कार्ड ठेवा, 'मी गळ्याच्या छिद्रातून श्वास घेतो, ऑक्सिजन नाकाला नाही छिद्राला लावा', आणि दिंडीतल्या चार जणांना ते दाखवून ठेवा, कारण चक्कर आली तर मदतीला धावणारा माणूस नाकातोंडालाच मास्क लावतो.

ऑपरेशनच्या आधी एक काम करा, हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्टला सांगून अशा माणसाला भेटा ज्याचं हे ऑपरेशन होऊन दोन तीन वर्षं झालीत. मालकांना त्याच्यासमोर बसवा, हवे ते प्रश्न विचारू द्या, तुम्ही पण त्याच्या बायकोला विचारा. सही त्यानंतर करा. आणि सहीच्या आधी त्यांच्या आवाजात घरातल्यांसाठी, नातवंडांसाठी जे काही रेकॉर्ड करायचं ते मोबाईलवर करून घ्या, अभंग तर कराच पण साध्या हाका सुद्धा करा.

पुढची तपासणी पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी, नंतर सहा, मग वर्षातून एकदा, आणि ही वर्षातून एकदाची कधीच बंद करायची नाही. ग्रेड २ आहे म्हणून छातीचा सीटी सुद्धा त्यात धरा. फाईल एकाच पिशवीत ठेवा, स्लाईडसकट, आणि गावाकडच्या डॉक्टरांकडे तिची एक झेरॉक्स देऊन ठेवा.